धारेच्या चाकाची निवड : हत्याराचे पाणी राखून धार कशी लावावी

शेतीतील बहुतेक कामे अखेर एखाद्या हत्याराच्या धारेवर येऊन ठरतात. निंदणी खुरप्यावर, काढणी विळ्यावर, ऊसतोडणी कोयत्यावर, तर फळबागेची छाटणी कात्रीवर अवलंबून असते. ऊसतोडणीच्या व्यवहारात पति-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ असेच म्हणतात, आणि त्या जोडीची मजुरी तोडलेल्या टनावर ठरते. कोयता बोथट झाला की त्याच श्रमात ऊस कमी तुटतो. शिवाय बोथट कोयत्याने बुडखा सरळ न कापता चिरतो आणि पुढील खोडव्याच्या फुटव्यांस इजा होते. म्हणजे धार बिघडली तर मजुराचे नुकसान होते आणि बागायतदाराचेही होते.

पूर्वी घरातील निसण्यावर किंवा गावच्या लोहाराकडे हत्यारे पाजविली जात. आता गावोगावी वीज पोहोचली असल्याने विजेवर फिरणारे धारेचे चाक पुष्कळांच्या घरी आले आहे. या साधनाने काम झपाट्याने होते, हे खरे. तथापि चाकाची निवड चुकली तर तेच साधन चांगले हत्यार एका मिनिटात निकामी करू शकते. चाक चुकीच्या वेगाने फिरविले तर ते फुटून माणसाच्या जिवावर बेतते. याकरिता चाक घेण्यापूर्वी त्याविषयीची माहिती करून घेणे अत्यावश्यक आहे.

हत्याराचे पाणी म्हणजे काय?

लोहार हत्यार लाल होईपर्यंत तापवितो व पाण्यात किंवा तेलात बुडवितो. त्यामुळे पोलाद कठीण होते, परंतु ते ठिसूळही होते. हा ठिसूळपणा काढण्याकरिता तो हत्यार पुन्हा बेताने तापवितो. या दोन्ही क्रिया मिळून हत्यारास ‘पाणी’ मिळते, व त्या पाण्यावरच धार टिकते.

दुसऱ्या वेळी हत्यार जेवढे तापविले असेल, त्याहून अधिक ते पुढे कधीही तापले तर त्याचा कठीणपणा कमी होतो. यालाच पाणी उतरणे म्हणतात. घासून स्वच्छ केलेले पोलाद तापत गेले की त्यावर रंग चढू लागतात. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका पिवळा, २६० च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग येतो. चाकावर धरलेल्या चाकूची किंवा कात्रीची कड निळी झाली, तर तेथील पाणी उतरले असे निश्चित समजावे. वरचा निळा रंग पुसून काढता येतो, पण गेलेले पाणी परत येत नाही. तो भाग हळूहळू घासून काढून टाकावा लागतो, अथवा हत्यार पुन्हा लोहाराच्या भट्टीत घालावे लागते.

कड पातळ असल्याने तिला उष्णता साठविण्यास जागाच नसते. म्हणून हत्याराचे अंग हाताला कोमट लागत असतानाच कड जळून जाते. धार लावणाऱ्याला हे पुष्कळदा कळतही नाही. चार दिवसांनी तो म्हणतो, “हल्ली हत्यारेच चांगली मिळत नाहीत.”

निसण्यापासून चाकापर्यंत

कुरुंद हा आपल्या देशातील अतिशय कठीण दगड आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याकडील भाषांतूनच तिकडे गेला आहे. पूर्वीचे कारागीर कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून तिचे चाक बनवीत व ते दोरीने किंवा पट्ट्याने फिरवीत. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगारांचा हा पिढीजात धंदा होता. ‘एमरी’ म्हणजे कुरुंद व लोहखनिज यांचे नैसर्गिक मिश्रण होय. ग्रीस देशातील नॅक्सॉस बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. आज दुकानात ‘एमरीचे चाक’ या नावाने जे चाक मिळते, त्यात बहुधा नैसर्गिक एमरी नसून विजेच्या भट्टीत तयार केलेले कण असतात.

हे कृत्रिम कण मुख्यत्वे दोन प्रकारचे आहेत. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड तयार केले. त्यालाच ‘कार्बोरंडम’ हे नाव पडले. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्साइट वितळवून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी कृत्रिम कुरुंद, तयार होऊ लागले. आपल्याकडे अशा चाकांचा कारखाना १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा येथे निघाला. १९५४ मध्ये मद्रासलाही एक मोठा कारखाना सुरू झाला.

पुणे परिसरातील शेतकरी ही चाके बहुधा शहरातूनच नेतात. गुलटेकडीच्या बाजार आवारात माल घालून झाला की हार्डवेअरच्या खरेदीसाठी पाय रविवार पेठेतील बोहरी आळीकडे वळतात. तेथे चाकांची निवड मोठी आहे. परंतु “सहा इंची एमरी व्हील द्या” एवढेच सांगितले, तर दुकानदार हाताशी असेल ते चाक देतो. ते चाक कोणत्या कामाचे आहे हे घेणाऱ्यालाच कळले पाहिजे. त्यासाठी चाकावरील खूण वाचता आली पाहिजे.

चाकावरील खूण कशी वाचावी

चाकाच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी चकतीवर मापे, कमाल फेरे व एक सांकेतिक खूण छापलेली असते. उदाहरणार्थ, ‘ए ६० के ५ व्ही’. या खुणेचे पाच भाग असून त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले अक्षर कणांची जात दाखविते. ‘ए’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. सर्व प्रकारच्या पोलादाकरिता हेच योग्य होय. त्यातील पांढऱ्या, अधिक शुद्ध जातीपुढे कारखान्यागणिक ‘डब्ल्यूए’ किंवा ‘एए’ अशी अक्षरे असतात. ‘सी’ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, व ‘जीसी’ ही त्याची हिरवी जात. ही चाके बीड, पितळ, दगड व कार्बाइडची टोके यांसाठी आहेत. हिरवे चाक दिसण्यात सुबक असले तरी विळ्या-कोयत्यासाठी घेऊ नये. पोलादावर ते लवकर झिजते.

दुसरा आकडा कणांचा आकार दाखवितो. आकडा जेवढा लहान तेवढा कण जाड. २४ किंवा ३६ म्हणजे भरड, ६० म्हणजे मध्यम व १०० म्हणजे बारीक होय.

तिसरे अक्षर चाकाचा मऊ-कडकपणा सांगते. इंग्रजी वर्णमालेतील पहिली अक्षरे मऊ चाकाची व शेवटची कडक चाकाची असतात. येथे मऊ-कडकपणा कणांचा नसून, कणांना धरून ठेवणाऱ्या बंधाचा असतो. मऊ चाकातील बोथट झालेले कण सहज गळून पडतात व आतील नवे, तीक्ष्ण कण पुढे येतात. कडक चाक बोथट कणही सोडत नाही. मग ते कापण्याऐवजी नुसते घासत राहते व उष्णता वाढविते. म्हणून नियम असा की, कठीण पोलादास मऊ चाक व मऊ लोखंडास कडक चाक वापरावे. हा नियम उलटा वाटतो, पण अनुभवास पटतो.

चौथा आकडा कणांमधील पोकळीचा असतो. शेतीच्या कामात त्याचा फारसा विचार करण्याचे कारण नाही. शेवटचे अक्षर बंधाचे. ‘व्ही’ म्हणजे चिनी मातीसारखा भाजलेला बंध, तर ‘बी’ म्हणजे राळेचा बंध. धारेच्या टेबलावरील यंत्रास ‘व्ही’ बंधाचे चाक उपयोगी पडते.

कोणत्या कामास कोणते चाक

चाक ठरविण्यापूर्वी हत्यार किती कठीण आहे हे पाहावे. त्याची सोपी कसोटी म्हणजे कानस. हत्याराच्या कडेवर कानस चालवून पाहावी. कानस चावा घेत असेल तर पोलाद मऊ किंवा मध्यम आहे. अशा हत्यारास चाकाची गरजच नाही. चांगली चपटी कानस पुरते. पुष्कळशी खुरपी, कुदळी व फावडी या वर्गात मोडतात. कानस घसरत असेल तर पोलाद कठीण आहे व तेथे दगड किंवा चाक पाहिजे.

कुऱ्हाडीचा किंवा कोयत्याचा खांडा पडलेला भाग काढण्यास ३६ किंवा ४६ कणांचे चाक घ्यावे. नेहमीच्या कामास ६० कणांचे पुरेसे आहे. सुऱ्या, कात्र्या व कडबा कापण्याच्या यंत्राची पाती यांसाठी पांढरे ६० किंवा ८० कणांचे, ‘एच’ ते ‘के’ श्रेणीचे चाक उत्तम. यंत्रासोबत येणारी करडी चाके बहुधा कडक असतात. ती नांगराच्या फाळासारख्या जाड वस्तूंसाठी ठीक आहेत, पण पातळ धार त्यांवर चटकन जळते. म्हणून यंत्राच्या एका बाजूस करडे चाक राहू द्यावे व दुसऱ्या बाजूस पांढरे बसवून घ्यावे. एवढ्या एका बदलाने कित्येक हत्यारे वाचतात.

वेगाचा हिशेब

चाकाच्या परिघाचा वेग काढणे अवघड नाही. चाकाचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्यास ३.१४ ने व मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांनी गुणावे आणि ६० ने भागावे. उत्तर दर सेकंदास मीटर असे येते. साध्या ‘व्ही’ बंधाच्या चाकाची कमाल मर्यादा सामान्यतः सेकंदास सुमारे ३३ मीटर असते.

विजेची मोटार मिनिटास २८८० फेरे घेत असेल तर १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची चाकाचा वेग सुमारे २३ मीटर येतो. आठ इंची चाकाचा वेग ३० मीटर येतो. परंतु त्याच मोटारीवर दहा इंची चाक चढविले तर वेग जवळजवळ ३८ मीटर होतो. म्हणजेच मर्यादा ओलांडली जाते.

इंजिनाच्या पट्ट्यावर चाक फिरविणाऱ्यांनी तर हा हिशेब केल्यावाचून चाकास हात लावू नये. समजा, इंजिन १५०० फेऱ्यांचे आहे, त्याची पुली सहा इंची व चाकाकडील पुली दोन इंची आहे. अशा वेळी चाक मिनिटास ४५०० फेरे घेईल. त्यावर दहा इंची चाक असेल तर परिघाचा वेग ५८ मीटरांच्याही वर जातो. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. चाकावर छापलेले कमाल फेरे कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नयेत.

वेगाचा संबंध उष्णतेशीही आहे. १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर आठ इंची चाकाचा वेग १५ मीटरच राहतो. त्यामुळे काम थोडे सावकाश होते, परंतु पाणी उतरण्याची भीती बरीच कमी होते. ज्यांना चाकू, सुऱ्या व कात्र्यांचे काम अधिक आहे, त्यांनी कमी फेऱ्यांचेच यंत्र पसंत करावे.

साधन कोणते घ्यावे

एका कुटुंबाच्या गरजेपुरता दुहेरी दगड पुरेसा आहे. आठ इंच लांब व दोन इंच रुंद असा एक बाजू भरड व दुसरी बारीक असलेला दगड, एक चपटी कानस व चामड्याचा एक पट्टा एवढ्या साहित्यात घरातील व बागेतील सर्व हत्यारे चालू राहतात. हा खर्च अल्प असून त्यात हत्यार जळण्याचा प्रश्नच उद्‍भवत नाही.

हाताने फिरवावयाचे लहान चाक टेबलाच्या कडेस आवळून बसविता येते. एका हाताने दांडा फिरवावा लागत असल्याने हत्यार धरण्यास एकच हात उरतो. म्हणून जोडीला दुसरा माणूस घेतल्यास काम चांगले होते. वीज नसलेल्या वस्तीवर हे साधन फार उपयोगी पडते.

विजेचे सहा किंवा आठ इंची टेबल-यंत्र सुतारकाम, लोहारकाम व शेती ही सर्व कामे असलेल्या घरास अथवा गटास परवडते. याखेरीज पाण्याच्या तबकात बुडून सावकाश फिरणारे यंत्रही मिळते. त्याचे चाक मिनिटास शंभराच्या आसपास फेरे घेते. कड सतत ओली राहिल्याने पाणी उतरत नाही व धूळही उडत नाही. किंमत अधिक असल्याने ते एकट्याने न घेता बचत गटाने किंवा शेतकरी गटाने मिळून घेणे श्रेयस्कर.

अलीकडे हातात धरून चालविण्याच्या ग्राइंडरने कोयत्यास धार लावण्याची रीत बरीच पसरली आहे. त्याची शंभर मिलिमीटरची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. कापण्याची पातळ चकती ही केवळ कडेने कापण्यासाठी असते. तिच्या सपाट बाजूने हत्यार घासल्यास ती मोडून तोंडावर उडण्याचा धोका असतो. त्या यंत्रावरील लोखंडी आवरण काढून टाकणे हे तर स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. टेबल-यंत्राचे चाक या यंत्रावर कदापि बसवू नये.

खरेदी करताना व बसविताना

दुकानातच चाकाची परीक्षा करावी. चाक कोरडे असताना त्याच्या भोकात बोट किंवा पेन्सिल घालून ते लोंबते धरावे व स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून एक-दोन इंच आत हलकेच ठोकावे. चाक थोडे फिरवून पुन्हा ठोकावे. ‘व्ही’ बंधाचे निर्दोष चाक घंटेसारखे खणखणते. बद्द आवाज आल्यास त्यात तडा आहे असे समजून ते घेऊ नये. मडके घेताना घरातील बाई बोटाने वाजवून पाहते, त्यातलाच हा प्रकार आहे. घरी नेताना चाक पडले किंवा आपटले असल्यास बसविण्यापूर्वी पुन्हा वाजवून पाहावे. एस.टी.च्या टपावर पोत्याखाली चाक टाकू नये.

भोकाचे माप यंत्राच्या आसाशी जुळले पाहिजे. चाक आसावर सहज सरकले पाहिजे. हातोडीने ठोकून बसवू नये अथवा भोक कोरून मोठे करू नये. चाकाच्या दोन्ही बाजूंस कागदी चकत्या व त्यावर सारख्या आकाराच्या लोखंडी तबकड्या असाव्यात. तबकडीचा व्यास चाकाच्या व्यासाच्या एकतृतीयांशाहून कमी नसावा. टेबल-यंत्राच्या डाव्या बाजूची चाकी उलट्या आट्यांची असते, हे ध्यानात ठेवावे. चाकी बेताने आवळावी.

हत्यार टेकविण्याची पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरपेक्षा दूर नसावी. फट अधिक असल्यास हत्यार आत ओढले जाते व चाक फुटते. चाक झिजत जाईल तसतशी पट्टी पुढे सरकवावी, पण हे काम यंत्र बंद करूनच करावे. नवे चाक बसविल्यावर आवरण लावून, स्वतः बाजूस उभे राहून ते एक मिनिटभर मोकळे फिरू द्यावे. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असावे. धोतराचा सोगा, पदर, उपरणे किंवा सैल बाह्या चाकाजवळ येऊ देऊ नयेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात वाळूच्या दगडाच्या चाकांवर कोरडे काम करणारे हजारो कारागीर धुळीने फुप्फुसे निकामी होऊन अकाली मेले. त्या अनुभवावरून धुळीची उपेक्षा करू नये हे शिकावे.

चाकाचा पृष्ठभाग चकचकीत दिसू लागला किंवा त्यात लोखंडाचे कण भरले, तर ते चाक कापीत नाही, केवळ तापविते. अशा वेळी ड्रेसरने त्याचा वरचा थर उतरवावा. पितळ, अ‍ॅल्युमिनियम किंवा लाकूड पोलादाच्या चाकावर घासू नये. चाकाच्या सपाट बाजूवरही दाब देऊ नये. काम संपल्यावर चाक पाण्यात उभे ठेवू नये; एकच बाजू पाणी पिऊन जड होते व चाक डळमळू लागते.

धार लावण्याची रीत

प्रथम धारेचा कोन ठरवावा. त्यासाठी कागदाचा चौकोनी कोपरा घ्यावा. तो ९० अंशांचा असतो. तो एकदा बरोबर दुमडला की ४५ आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. कोयता, कुऱ्हाड व विळा यांस प्रत्येक बाजूने एवढा कोन साधारणतः योग्य पडतो. भाजीच्या सुरीस याहून थोडा कमी चालतो.

धारेचा उतार शाईने रंगवून हत्यार चाकाला हलकेच लावून पाहावे. शाई संपूर्ण उतारावरून निघाली तर कोन जुळला असे समजावे. केवळ वरून किंवा केवळ कडेवरून निघाल्यास हत्याराचा कल सुधारावा. मग हत्यार एका जागी न थांबविता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवीत न्यावे. दाब देऊ नये. दर फेरीनंतर पाण्यात बुडवावे. कडेजवळ पाण्याचे थेंब टिकून आहेत तोवर भीती नाही. ते आटून गेले की लगेच थांबावे. कड निळी झाल्यावर घाबरून पाण्यात बुडविण्याने काही साधत नाही. उलट तडे जाण्याचा संभव असतो.

एका बाजूने पुरेसे घासले गेले की कडेच्या दुसऱ्या बाजूस नखाला लागेल अशी बारीक किनार वळते. ती सर्व लांबीवर लागली की चाकाचे काम संपले. पुढील काम दगडाचे. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बारीक दगडावर घासून ती किनार काढावी व शेवटी चामड्यावर ओढावे. चाकाने आकार येतो, पण धार दगडानेच येते, हे सूत्र लक्षात ठेवावे.

काही हत्यारांविषयी विशेष काळजी घ्यावी लागते. छाटणीच्या कात्रीचे कापणारे पाते एकाच बाजूने उतरते केलेले असते. तीच बाजू घासावी. सपाट बाजू घासल्यास दोन पात्यांमध्ये फट पडते व डहाळी कापली न जाता चेंगरते. महाराष्ट्रात द्राक्षवेलींची एप्रिल व ऑक्टोबर अशी वर्षातून दोन वेळा छाटणी होते. अशा छाटणीत एक मजूर दिवसभरात हजारो वेळा कात्री दाबतो. बोथट कात्रीने त्याचा हात सुजतो आणि वेलीची जखमही भरून येण्यास वेळ लागतो. कात्रीस चाक लावू नये, बारीक दगडच वापरावा. डाळिंबाच्या बागेत तेलकट डाग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीनेही जातो. म्हणून ती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावी व काम संपताच धुऊन, पुसून तेल लावावे.

कलमाच्या चाकूस तर चाक दाखवूच नये. पेरूची सरदार जात १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडण्यात आली. ती राज्यभर पसरली ती कलमांच्या द्वारे. कलमाचा काप एकाच ओढीत, गुळगुळीत झाला पाहिजे. फाटलेली साल जुळत नाही. म्हणून हा चाकू १००० कणांच्या दगडावर व नंतर चामड्यावर लावावा.

कडबा कापण्याचे यंत्र महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या जुन्या परिचयाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविण्यापूर्वीच बेळगावात अशी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला होता. त्याची पाती नेहमी जोडीने काढावीत व उतरत्या बाजूनेच सारखी घासावीत. एकच पाते जास्त घासले गेल्यास चाकाचा तोल जातो. पाती काढताना व बसविताना मोटारीचा वीजपुरवठा तोडलेला असावा.

दातेरी विळा, उदाहरणार्थ कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा, चाकावर धरू नये. त्याचे दातच नाहीसे होतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर भाषण देण्यापेक्षा एक प्रयोग करून दाखविणे अधिक परिणामकारक होईल. मोडक्या कानशीचा एक तुकडा घ्यावा. त्याचे एक टोक वारंवार पाण्यात बुडवून चाकावर घासावे. दुसरे टोक पाण्याविना गडद निळे होईपर्यंत घासावे व तसेच निवू द्यावे. मग दोन्ही टोकांवर दुसरी चांगली कानस चालवून पाहण्यास जमलेल्या शेतकऱ्यांना सांगावे. पहिल्या टोकावर कानस घसरेल, दुसऱ्यावर ती चावा घेईल. एकाच पोलादाच्या दोन टोकांत पडलेला हा फरक हाताला कळला की पाणी उतरणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. प्रयोगाच्या वेळी चष्मा सर्वांत आधी स्वतः घालावा. सांगणाराच उघड्या डोळ्यांनी उभा राहिला तर ऐकणारेही तसेच करतील.

ज्या गावात अनेकांची गरज आहे तेथे एक कमी फेऱ्यांचे यंत्र, एक पांढरे चाक, एक ड्रेसर, दोन दगड व दोन चष्मे असा संच गटाने मिळून घ्यावा आणि तो एका जाणत्या माणसाच्या ताब्यात द्यावा. गावात लोहार असेल तर हे काम त्याच्याकडेच सोपविणे उत्तम. पोलादास पाणी द्यावयाचे कसे, हे तो जाणतोच; ते राखणारे चाक तेवढे त्याच्या हाती आले पाहिजे.

हंगाम सुरू झाल्यावर बोथट हत्याराची आठवण होते व घाईत धार लावली जाते, आणि घाईतच हत्यार जळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी, तसेच तोडणी व छाटणीच्या आधी आठवडाभर, सर्व हत्यारे बाहेर काढून तपासावीत. चांगले हत्यार एका पिढीकडून दुसरीकडे जाते. धार लावताना थोडा वेळ अधिक गेला तरी हरकत नाही. हत्याराचे पाणी राखले की ते हत्यार आपल्या मुलांच्याही कामी येते.